मोरा बंदर : भरती-ओहोटीच्या हिशेबावरची दुकानदारी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच घारापुरीची टेकडी डाव्या हाताला टाकून आग्नेयेकडे जाते, आणि उरणच्या उत्तर टोकावरील मोरा बंदराला लागते. समुद्रमार्गे मुंबई-उरण हे अंतर जुन्या मापाने आठेक मैलांचे. एकेकाळी उरण आणि करंजा मिळून खाडीने वेढलेले बेट होते. त्या बेटाचा मुंबईकडे उघडणारा दरवाजा म्हणजे मोरा. गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत या दरवाजातून मीठ गेले, मासळी गेली, चाकरमानी गेले आणि आले. त्यांच्या येण्याजाण्यावर, धक्क्याच्या तोंडाशी आणि कोळीवाड्याच्या वाटेवर, फळीच्या चार कप्प्यांची लहान दुकाने उभी राहिली. बंदरांचा इतिहास लिहिताना गलबते, किल्ले आणि तह यांची दखल घेतली जाते. दुकानाच्या ओट्याची कोणी घेत नाही. तथापि उरण तालुक्याचे अर्थकारण समजून घ्यावयाचे असेल, तर या ओट्यावर थोडा वेळ बसणे उपयुक्त ठरेल.

इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस साष्टीबरोबर करंजा बेट मराठ्यांकडून घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. प्रशासनाच्या दृष्टीने उरण हा पुढे दीर्घकाळ पनवेल तालुक्याचा भाग होता. १८८३ मध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आले. (कुलाब्याचे रायगड हे नामकरण १९८१ चे.) एकोणिसाव्या शतकात उरणची ख्याती दोन मालांमुळे होती. एक मीठ, आणि दुसरी मोहाच्या फुलांची दारू. भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि मुंबई शहराची तहान त्या भागवीत. मिठागरे शिलोत्र्यांच्या ताब्यात होती आणि त्यांत राबणारे हात प्रामुख्याने आगरी समाजाचे होते. दोन्ही मालांवर सरकारचा कडक पहारा असे, कारण दोन्हींतून मोठा महसूल मिळे. साहजिकच दोन्ही धंदे मोठ्या भांडवलाचे झाले. भट्टीत वा मिठागरात ज्याला मालकी मिळणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी उरला तो तिसरा धंदा : राबणाऱ्यांना तांदूळ, तेल, गूळ, विडी-काडी पुरविण्याचा.

कोकणच्या बंदरांवर हा धंदा वैश्यवाणी, गुजर, मारवाडी, कच्छी, बोहरी अशा अनेकांनी केला. कोणी घाटावरून उतरले, कोणी जलमार्गे आले. जातीपातीचे भेद असले तरी दुकानदारीच्या अडचणी सर्वांच्या एकच होत्या.

पनवेलच्या तुलनेत मोऱ्याचे वेगळेपण चटकन लक्षात येते. १८३० मध्ये बोरघाटातून पुणे-पनवेल रस्ता खुला झाला आणि पनवेल हे घाट व समुद्र यांना जोडणारे नाके बनले. घाटावरून येणारा प्रत्येक गाडीवान परत जाताना पनवेलची चाकांची जोडी घेऊन जातो, असा त्या गावाच्या चाकांचा लौकिक होता. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि पनवेलचा बराचसा घाटमाल तिने पळविला. मोऱ्याला असा घाट कधी नव्हताच. त्याच्या पाठीशी केवळ उरणचे बेट होते. मालाचा ओघ मर्यादित, गिऱ्हाईक मर्यादित, आणि तेही ओळखीचे. ही मर्यादा मोऱ्याच्या दुकानदारीच्या मुळाशी आहे.

भरतीचे घड्याळ

दुकान कधी उघडावे, हे शहरात सूर्य ठरवितो किंवा कायदा. बंदरावर ते समुद्र ठरवितो. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मोऱ्याचा किनारा गाळाचा. ओहोटीच्या वेळी होडी वा लाँच धक्क्याला नीट लागत नाही, हे दुखणे जुने असून ते आजतागायत सरलेले नाही. मुंबईहून पडावात भरलेली धान्याची पोती भरती पहाटे तीनला असेल तर पहाटे तीनला उतरवून घ्यावी लागत. हमालाला त्या वेळी बोलवावे तर त्याचा दर चढा. न बोलवावे तर पोती चिखलात. पहिल्या लाँचच्या उतारूला चहा हवा म्हणून चुलीला लवकर जाळ घालायचा, आणि शेवटच्या लाँचची वाट पाहत दिवा उशिरापर्यंत ठेवायचा. दुकानात नोकर ठेवण्याची ऐपत नसल्याने हे सारे घरातल्या माणसांनीच करावयाचे. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ मध्ये आला; तो जेथे लागू झाला तेथे आठवड्याची सुटी आणि कामाचे तास ठरले. परंतु मालक, त्याची पत्नी आणि शाळेतून आलेला मुलगा यांच्या कामाचे तास मोजणारा कायदा अद्याप कोणी केलेला नाही.

धान्य निवडणारी, मसाला कुटून पुड्या बांधणारी, दुपारी मालक जेवायला उठला की गल्ल्यावर बसणारी घरची स्त्री या धंद्याची निम्मी भागीदार होती. वहीत मात्र तिचे नाव कोठेच आढळत नाही.

दुसरे संकट पावसाचे. रायगड-ठाण्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीला ‘आगोट’ म्हणतात. चार महिन्यांचा तांदूळ, डाळ, मिरची, मीठ, सरपण हे सारे ज्येष्ठ लागण्याआधी घरात पडले पाहिजे. आगोट हा दुकानदाराचा वर्षातील सर्वांत मोठा हंगाम आणि सर्वांत मोठी जोखीमही. कारण गिऱ्हाईक एकदम येते आणि त्याच्या आधी मालही एकदम आणावा लागतो. पाऊस लागला की जलवाहतूक बेभरवशाची होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या दिवसापासून या किनाऱ्यावरील कुटुंबांच्या मनात श्रावण-आषाढाच्या समुद्राची धास्ती अधिकच बसली. शिवाय साठविलेला माल टिकविणे ही निराळी विद्या. गुळाच्या ढेपी पाझरतात, साखर दगडासारखी होते, मिठाचे पाणी होते, डाळीला पोरकिडा लागतो. ढेपेखाली भाताचा तूस पसरणे, पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर रचणे, उन्हाची तिरीप दिसताच मिरची पसरणे, या बारीकसारीक सवयींवर नफा-तोटा अवलंबून असे.

उधारीची वही

मोऱ्याच्या दुकानाची गिऱ्हाइके तीन प्रकारची होती. पहिला कोळी. त्याचा समुद्र नारळी पौर्णिमेला उघडे आणि पावसाच्या तोंडाशी बंद होई. दुसरा मिठागरातला कामगार; त्याची मजुरी हिवाळ्यात सुरू होऊन पाऊस पडताच संपे. तिसरा भातशेती करणारा. त्याच्या हाती दिवाळीच्या आसपास पीक येई. तिघांच्या कमाईचे महिने वेगवेगळे, त्यामुळे वरकरणी असे वाटावे की दुकानात पैसा बारमाही येत असेल. परंतु आषाढ-श्रावणात तिघांचेही हात एकाच वेळी रिकामे असतात. होडी शाकारलेली, मिठागर बुडालेले आणि शेतकऱ्याचे होते नव्हते ते बियाण्यात गेलेले. पोटे मात्र चालू असतात. हे अंतर भरून काढणारी गोष्ट म्हणजे दुकानदाराची उधारीची वही होय.

हिशेब उदाहरणानेच स्पष्ट होईल. समजा, १९५० च्या दशकातील एका दुकानाची पावसाळ्यातील विक्री महिन्याला ६०० रुपये आहे आणि त्यांपैकी ४०० रुपये उधार आहेत. चार महिन्यांत १,६०० रुपये लोकांच्या घरी जाऊन बसले. किराण्यातील नफा रुपयाला आठ पैसे धरला, तर २,४०० रुपयांच्या एकूण विक्रीवर चार महिन्यांची मिळकत १९२ रुपये. आता उधारीचा केवळ आठवा हिस्सा बुडाला, म्हणजे २०० रुपये, तर चार महिन्यांचे सगळे कष्ट गेले आणि वर आठ रुपये पदरचे. आठ घरांतील सात घरे प्रामाणिक असूनही दुकान तोट्यात जाते, ते असे. म्हणून माणूस पारखणे हे दुकानदाराचे खरे भांडवल मानले जाई.

दुसऱ्या बाजूला मुंबईचा घाऊक व्यापारी. दाणाबंदर, भात बाजार, मशीद बंदर येथील पेढ्या किरकोळ दुकानदाराला माल उधार देत. पण त्यांची मुदत आठवड्यांची, फार तर महिन्या-दीड महिन्याची. दुकानदार घेतो महिन्याच्या बोलीवर आणि देतो चार महिन्यांच्या. मधल्या तीन महिन्यांचा भार तो कशावर पेलतो? येथे धक्क्यावरचा वाटसरू कामी येतो. लाँचची वाट पाहणारा उतारू चहा घेतो, विडीचे बंडल घेतो, मुलाला बिस्कीट घेतो, आणि रोख देतो. रक्कम आण्यांची, पण ती रोज येते आणि तिला वसुली लागत नाही. गावचे गिऱ्हाईक उधारीचे आणि वाटेचे गिऱ्हाईक रोखीचे, या दोन पायांवर बंदरावरचे दुकान उभे असते. हे सूत्र पुढील भागात पुन्हा लागणार आहे.

वसुलीचे शास्त्रही ठरलेले होते. कोळीवाड्यात मासळीची विक्री आणि घरचा पैसा स्त्रियांच्या हाती असतो; त्यामुळे दुकानदाराचा खरा व्यवहार नाखव्याशी नसून त्याच्या घरच्या बाईशी होई. तिच्याशी भांडणे परवडत नसे. ती एकटी तुटली तर तिच्याबरोबर चार टोपल्यांच्या मैत्रिणी तुटत. नारळी पौर्णिमेनंतर पहिली मासळी मुंबईच्या बाजारात गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आपणहून ओट्यावर येई, आणि जुन्या बाकीपैकी काही देऊन त्याच पावलाने नवा माल घेई. बाकी पूर्णपणे कधीच फिटत नसे, आणि चाणाक्ष दुकानदार ती फिटावी असा आग्रहही धरत नसे. पूर्ण फिटलेले खाते म्हणजे सुटलेले गिऱ्हाईक, असा या धंद्याचा अनुभव आहे. अहिंसेचे व्रत पाळणारा व्यापारी मासळीच्या व्यवहारापासून कटाक्षाने दूर राही. तरी कोणत्याही कोळीबंदरावर तांदळाची बाकी शेवटी मासळीच्याच पैशांतून फिटे. हा पेच त्या काळच्या अनेक घरांनी मनोमन सोसला असेल.

रोजमेळ, खतावणी आणि उधारीची लांबट लाल वही ही दुकानाची तीन शास्त्रे. मराठी दुकानदार हिशेब मोडीत लिहीत, गुजराती वाण्यांची काना-मात्रा टाळणारी स्वतःची लिपी होती, मारवाड्यांची महाजनी. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि अनेक घरांत वडिलांच्या वह्या मुलांना वाचता येईनाशा झाल्या. धनी अकस्मात गेला तर येणे किती आणि कोणाकडून, हे त्याच्याबरोबरच जाई. देणेकरी मात्र आपापल्या वह्या घेऊन वेळेवर येत. वहीपूजन दिवाळीला होई आणि नवे वर्षही तेथूनच धरले जाई. ही प्रथा करआकारणीत बरीच वर्षे मान्य होती. १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना एप्रिल ते मार्च असे एकच वर्ष सक्तीचे झाले. तेव्हापासून लहान दुकानदाराच्या घरी दोन नववर्षे आहेत. एक लक्ष्मीचे, दुसरे सरकारचे.

शेर गेला, किलो आला

लहान धंद्यावर कायद्याचा परिणाम किती खोल होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नाणी आणि वजने बदलली तो काळ. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे गणिताने सव्वासहा पैसे होतात. पण पाव पैसा अस्तित्वात नव्हता. म्हणून एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस, असे कोष्टक ठरले. मोठ्या व्यापाऱ्याला याचे काही वाटण्याचे कारण नव्हते. आण्या-दोन आण्यांचीच विक्री ज्याची, त्याला मात्र प्रत्येक चार गिऱ्हाइकांमागे एक पैसा कमी पडू लागला, कारण सहा चोक चोवीस. पैसा वाढवावा तर गिऱ्हाईक दुकानदाराला लबाड म्हणणार. कोष्टक सरकारचे, आणि बोलणी ओट्यावरच्या माणसाला. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे बरोबरच चालत होती, त्यामुळे गल्ल्यातले दोन कप्पे चार झाले. ‘नवा’ हा शब्द नाण्यावरून १९६४ मध्ये गेला. बोलण्यातून जायला आणखी बराच काळ लागला.

वजनांचा बदल याहून अवघड होता. वजने व मापे यांच्या मानकांचा कायदा १९५६ चा. दशमान वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत जुनी वजने व्यापारातून बाद झाली. शेर म्हणजे ऐंशी तोळे. किलो म्हणजे जवळजवळ शहाऐंशी तोळे. शेराला चौदा आणे असलेली वस्तू किलोला पंधरा आणे पडते, आणि त्यात दुकानदाराला दमडीही जास्त मिळत नाही. परंतु काल चौदा ऐकलेल्या कानाला आज पंधरा ऐकू आले की महागाई झाली, एवढेच कळते. पायली, अधोली, फरा, मण, खंडी यांवर ज्यांचा उभा जन्म गेला त्यांना ‘दोनशे ग्रॅम’ हा शब्द परका वाटे. ‘पावशेर’ मागणाऱ्याला दोनशे तेहतीस ग्रॅम द्यायचे की अडीचशे, यावर वाद होत. शेवटी गिऱ्हाइकाच्या बाजूने कल ठेवून अडीचशे ग्रॅमलाच पावशेर म्हणण्याचा रिवाज पडला, आणि तो आजही चालू आहे. नव्या वजनांचा संच, त्याची दरवर्षीची पडताळणी आणि शिक्का, हा खर्च निराळाच. मोठ्या पेढीच्या खर्चात तो दिसतही नाही. लहान दुकानात तो एका सणाच्या नव्या कपड्यांइतका असे.

धंदा वाढत का नाही?

असे दुकान पिढ्यानपिढ्या चालते; ते वाढत का नाही, असा प्रश्न विचारला जातो. दुकान वाढविण्याचे मार्ग तीन : गिऱ्हाइके वाढविणे, माल वाढविणे, किंवा दुसरे दुकान काढणे. गिऱ्हाईक वाढवायचे तर अनोळखी माणसाला उधार द्यावे लागते, आणि वर पाहिल्याप्रमाणे आठांतील एक जरी बुडाला तरी पाया खचतो. माल वाढवायचा तर भांडवल अडकते. दोनशे घरांच्या वस्तीत महिन्याला दोनच नग खपणारी वस्तू फळीवर वर्षभर धूळ खाते. दुसरे दुकान काढायचे तर तेथे बसायला विश्वासाचा माणूस हवा, आणि तो भाऊ वा मुलगाच असतो. म्हणजे दुसरे दुकान निघते ते बहुधा घर विभागले जाते तेव्हा. दोन चुली, दोन गल्ले आणि गिऱ्हाईक तेवढेच.

कर्ज काढावे तर तारण काय? १९४६ च्या सावकारी कायद्याने व्याजावर मर्यादा आणल्या. पण बँकेचा दरवाजा लहान दुकानदाराला त्यानंतरही बराच काळ बंदच होता. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर लहान कर्जांचे धोरण आले. मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज २०१५ चे आणि फेरीवाल्यांसाठीचे दहा हजारांचे कर्ज २०२० चे. ज्यांच्या आजोबांना ते हवे होते त्यांच्या नातवांना ते मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

याच तालुक्याच्या परिसरात वाढलेल्या धंद्याचे उदाहरण आहे, आणि ते बोधप्रद आहे. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. वैद्याच्या घरातून निघालेला हा व्यवसाय देशभर पोहोचला आणि दीडशे वर्षांनंतरही चालू आहे. फरक कोठे आहे? भस्माची वा आसवाची कुपी वजनाला हलकी, किमतीला जड, आणि नावाने ओळखली जाणारी. ती टपालाने वा आगगाडीने कोठेही जाऊ शकते. घेणारा वैद्यबुवांना पाहिलेला असण्याची गरज नाही. मोऱ्याच्या दुकानातला तांदूळ तर शेजारच्या दुकानातल्या तांदळासारखाच. दुकानदार विकतो ती वस्तू नसतेच. ती सवड असते, चार महिन्यांची. आणि ही सवड ओळखीच्या परिघाबाहेर नेता येत नाही.

दरवाजा फिरला

१९७० नंतर उरणचे जग झपाट्याने बदलले. सिडकोची स्थापना त्याच वर्षीची. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबईहून या बाजूला येण्यासाठी ठाण्याचा वळसा उरला नाही. तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प उरणला आला. न्हावा-शेवा बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या. त्याविरुद्धच्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेव्याच्या कोळ्यांना आपले गाव सोडून उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात यावे लागले, आणि तेथील घरांना वाळवीने ग्रासले. बंदराच्या विस्तारामुळे पारंपरिक मासेमारीच्या जागा गेल्या म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण-गव्हाण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. दुकानदाराच्या दृष्टीने पाहता, ज्या मासळीवर आषाढाची उधारी दिली जात असे, ती मासळीच उणावत चालली होती. त्याची भरपाई देणारा लवाद नाही.

याहून कमी लक्षात आलेली घटना म्हणजे १९९० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील धान्य आणि मसाल्याचा घाऊक बाजार वाशीला गेला. आजवर मोऱ्याचा माल समुद्राने येत असे, कारण तो दाणाबंदरातून निघे. आता तो वाशीहून टेंपोने येऊ लागला आणि आधी उरण शहरात पोहोचू लागला. पुढचा दरवाजा मागचा झाला. उरणच्या दुकानदाराला जो भाव पडे त्यात मोऱ्याच्या दुकानदाराला आणखी थोडे भाडे मिळवावे लागे. आणि ते भाडे किमतीत धरण्याची सोयही राहिली नव्हती. वेष्टनबंद वस्तूंचे नियम १९७७ मध्ये आले होते, पुढे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम हिताचाच. परंतु साबणाची वडी मशीद बंदरात आणि मोऱ्याच्या धक्क्यावर एकाच किमतीला विकायची, म्हणजे वाहतुकीचा फरक दुकानदाराने आपल्या नफ्यातून सोसायचा.

त्यानंतरची वर्षे वाचकांच्या आठवणीतील आहेत. २००५ मध्ये विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. वार्षिक उलाढाल वीस लाखांपेक्षा कमी असलेल्यांना, आणि २०१९ पासून मालाच्या व्यापारात चाळीस लाखांपेक्षा कमी असलेल्यांना, नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा अगदी लहान दुकान कराच्या जाळ्याबाहेर राहिले. मात्र नोंदणी नाही म्हणून खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा रोखीवर चालणारा मासळीबाजार थबकला आणि त्याच्या मागे उधारीची वही फुगली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. किराणा जीवनावश्यक म्हणून उघडा राहिला, धक्क्यावरचा उतारू मात्र नाहीसा झाला. घरोघरी माल पोहोचविणारे दुकानदार त्या महिन्यांत वस्तीला किती आधार वाटले, हे निराळे सांगावयास नको. तसेच ती बाकी वसूल करायला किती काळ लागला, हेही.

भ्रमणध्वनीवरून पैसे येऊ लागल्याने सुट्ट्या नाण्यांची जुनी कटकट बरीचशी मिटली. त्याचबरोबर एक बारीक सोय गेली. गल्ल्यातली रोकड दाखवून ‘आज एवढेच जमले’ असे घाऊक व्यापाऱ्याला सांगता येत असे.

१२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. शिवडी ते न्हावा-शेवा या अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि खारकोपरपर्यंत आलेली लोकल गाडी उरणपर्यंत धावू लागली. सुमारे बावीस किलोमीटरचा सेतू मोटारींसाठी आहे. दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना त्यावर मज्जाव आहे, आणि मोटारीचा एकेरी पथकर प्रारंभी अडीचशे रुपये ठरला. सेतूने लहान दुकानदाराचे फारसे काही नेले नाही, आणि त्याला फारसे काही दिलेही नाही. त्याच्या मालाची तीनचाकी त्या सेतूवर जातच नाही. रेल्वेचे तसे नाही. तिला भरती-ओहोटी नाही, पावसाळी भाडेवाढ नाही, गाळ नाही. नोकरीसाठी रोज मुंबई गाठणाऱ्याला तिच्या वेळापत्रकावर घड्याळ लावता येते. मोऱ्याला रो-रो सेवेसाठी जेट्टी उभारण्याचे काम मंजूर होऊनही वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले, आणि तेवढ्यात गाडी आली.

बंदरावरच्या दुकानाचे दोन पाय वर सांगितले आहेत : गावचा उधारीचा आणि वाटेचा रोखीचा. लाँचचा जो उतारू गाडीकडे वळला, त्याच्याबरोबर दुसरा पाय उचलला गेला. कोळीवाड्यातली घरे कोठे गेलेली नाहीत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात त्यांचे हात पूर्वीसारखेच रिकामे असतात, आणि आगोट पूर्वीसारखीच भरावी लागते. ती वही चालू आहे. मुंबईत काम असलेले, मुंबईला मासळी नेणाऱ्या टोपल्यांचे, आणि ज्यांना गाडीपेक्षा लाँच जवळ पडते असे उतारू अजूनही धक्क्यावर येतात. ओहोटी लागली असेल तर त्यांना पाणी चढेपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढा वेळ चहाची किटली चुलीवर असते.